नाणेघाटाची भिंत आणि तासाला २० मिनिटं

जुन्नरहून नाणेघाटात गेलं की खिंडीच्या तोंडाशी कातळात कोरलेली एक लेणी लागते. तिच्या भिंतींवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय सुमारे दोन हजार वर्षं. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात आहेत, आणि भारतात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. या वाटेनं शतकानुशतकं माणसं, बैल, माल जात-येत राहिला, पण मधल्या हजारभर वर्षांत ही लिपी वाचता येणारं कोणी उरलं नव्हतं. १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मीचं कोडं सोडवलं, तेव्हा अशा भिंती पुन्हा बोलू लागल्या. आजही तिथं उभा राहणारा पदवीधर निरक्षरच असतो. नजर उत्तम, बुद्धी शाबूत, समोरची भाषा तर मराठीची पूर्वज. तरी काही कळत नाही.

याचं कारण मला फार विलक्षण वाटतं. मूल बोलायला आपोआप शिकतं, वाचायला मात्र कोणीच आपोआप शिकत नाही. लेखनाचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी खास जागा तयार होणं शक्यच नव्हतं. मग आपण वाचतो कशानं? फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांनी दाखवलं, की चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातला डाव्या बाजूचा एक तुकडा मेंदू अक्षरांच्या कामाला लावतो आणि त्याची गाठ बोलण्याच्या यंत्रणेशी बांधतो. ही बांधणी प्रत्येक माणसाच्या डोक्यात नव्यानं करावी लागते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक बायकाच होत्या, सहा महिने देवनागरी शिकवली गेली. त्यांच्या मेंदूतले बदल पार खोल, मेंदूच्या देठापर्यंत पोचलेले आढळले. नाणेघाट उतरून खाली गेलं, की मुरबाड तालुका लागतो. तिथल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगड्यातल्या त्या आज्या पाटीवर अक्षरं गिरवतात, तेव्हा साठी-सत्तरीच्या मेंदूतही हीच बांधणी चालू असते.

काही मुलांत मात्र ती फार कष्टानं होते. यालाच डिस्लेक्सिया म्हणतात, आणि बुद्धीचा त्याच्याशी संबंध नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरनं पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. मुलगा तल्लख, आकडेमोडीची आवड असलेला, पण स्वतःच्या नावातली अक्षरंही उलटसुलट लिहायचा. त्याच्या मास्तरांचं मत मॉर्गननं नोंदवून ठेवलं आहे: सगळं शिक्षण तोंडी असतं, तर शाळेत हाच पहिला आला असता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांना परीक्षेतल्या सवलतींचं सारं मर्म कळलं होतं. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ साली, महाराष्ट्रात अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्याला सुरुवात झाली.

आता मराठीकडे येऊ, कारण इथं गोष्ट आणखी रंगते. इंग्रजी वाचताना अडखळणारं मूल चुकांमुळे चटकन नजरेत भरतं. ज्या भाषांत अक्षर आणि आवाज यांचं नातं बरंचसं सरळ असतं, उदाहरणार्थ इटालियन किंवा फिनिश, तिथं डिस्लेक्सिया चुकांपेक्षा संथपणातून जास्त दिसतो. मूल बरोबर वाचतं, पण फार हळू. मराठीचाही कल त्या बाजूला. त्यात आपल्या लिपीचे स्वतःचे पेच आहेतच. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि तिचा आवाज मात्र ‘क’च्या नंतर. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चार ‘य’च्या आधी. डोळ्याचा क्रम एक, जिभेचा दुसरा. गंमत म्हणजे ब्राह्मीत इकाराची खूण अक्षराच्या माथ्यावर उजवीकडे असे. शतकं लोटता लोटता ती डावीकडे कलत गेली आणि शेवटी अक्षराच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. लेखणीच्या त्या प्रवासाची किंमत आज दुसरीतलं एखादं मूल चुकवतं.

शिवनेरीच्या पायथ्याच्या एखाद्या शाळेतली चौथीची मुलगी डोळ्यांपुढे आणा. शिवरायांचा इतिहास चौथीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात आहे आणि तो किल्ला तिच्या दारातून दिसतो. ‘सांग पाहू’ म्हटलं तर ती थांबणार नाही. तोच प्रश्न कागदावर आला की तिची सगळी शक्ती अक्षरं उलगडण्यात जाते. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात मनातून निसटलेली असते. पेपर इतिहासाचा, पण तपासलं जातं तिचं वाचन. सवलत या दोन गोष्टी वेगळ्या करते. प्रश्न कोणी वाचून दाखवला, उत्तर तोंडी घेतलं, ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापले नाहीत, लेखनिक दिला, तासाला २० मिनिटं जास्त दिली, तर इतिहासाच्या पेपरात इतिहासच मोजला जातो. संथपणा हीच मुख्य अडचण असलेल्या मराठी मुलाला ती २० मिनिटं सगळ्यांत मोलाची, असं मला वाटतं.

यासाठी प्राथमिक शाळेत नवं काही उभारावं लागत नाही. महाराष्ट्रात २०१०पासून आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीचे ७० टक्के गुण आकारिक आहेत, म्हणजे वर्गातलं निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प. संकलित, म्हणजे सत्राअखेरचं मूल्यमापन, फक्त ३०. तिसरी-चौथीत हे प्रमाण ६० आणि ४०. संकलितमध्येही तोंडी आणि प्रात्यक्षिक भाग असतोच. पर्सीच्या मास्तरांना हवी असलेली शाळा नियमात आधीच लिहिलेली आहे. मात्र २०२३-२४पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली, आणि फेरपरीक्षेतही नापास झालेलं मूल त्याच वर्गात राहू शकतं. म्हणून पाचवीच्या आधी ओळख पटणं फार गरजेचं झालं आहे.

कायदा स्पष्ट आहे. २०१६चा दिव्यांग हक्क अधिनियम अशा मुलांना शक्य तितक्या लवकर ओळखायला सांगतो. जास्तीचा वेळ आणि लेखनिक यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लेखनिकासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही, असा निकाल दिला.

प्रमाणपत्राचा मार्ग मात्र लांबचा. २०१८च्या केंद्रीय सूचनांनी ते आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच द्यायचं ठरवलं, पुढे १४ आणि १८व्या वर्षी पुन्हा तपासणी. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक असे तिघं लागतात. भीमाशंकरच्या कुशीतल्या किंवा डिंभे धरणामागच्या वाडीतून मुलाला शहरात नेणं म्हणजे आईबापाचा रोज बुडणार. शिवाय तिथलं ठाकर किंवा महादेव कोळी घरातलं मूल घरी वेगळ्या वळणाची मराठी बोलतं. पुस्तकातली भाषा अनोळखी असणं हा डिस्लेक्सिया नव्हे, आणि दोन्हींत गल्लत झाली तर दोन्हीकडच्या मुलांचं नुकसान. त्यामुळे इंग्रजीतून उचललेल्या चाचण्या इथं चालत नाहीत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी-सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डाली’ नावाची साधनं केली ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही. त्यातल्या चाळणी-चाचण्या शिक्षकांनीच वापरायच्या आहेत, पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी दुसरी. ज्या वयात प्रमाणपत्र मिळूच शकत नाही, त्या वयात प्रश्न वाचून दाखवायला आणि उत्तर तोंडी घ्यायला वर्गशिक्षकांना कोणाच्याही शिक्क्याची वाट पाहावी लागत नाही.