नदीच्या तळाशी साचलेले विष

नदीचे प्रदूषण म्हटले की पाण्याचा बदललेला रंग, फेस, दुर्गंधी किंवा काठाला लागलेले मृत मासे डोळ्यांपुढे येतात. ही लक्षणे एका पावसाळ्यात नाहीशी होतात आणि नदी स्वच्छ झाल्याचा समज होतो. परंतु कारखान्यांच्या सांडपाण्यातील कित्येक द्रव्ये पाण्याबरोबर वाहून जातच नाहीत. पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू आणि पाण्यात सहसा न विरघळणारी तेलकट रसायने चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना चिकटतात आणि प्रवाह जेथे मंदावतो तेथे, डोहात व बंधाऱ्यांमागे, गाळाबरोबर तळाशी बसतात. पाण्याचा नमुना निर्दोष ठरावा आणि तळ मात्र विषारी असावा, असे त्यामुळे घडू शकते.

अमेरिकेतील हडसन नदीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्क राज्यात हडसन फॉल्स व फोर्ट एडवर्ड येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे कपॅसिटर तयार करणारे दोन कारखाने होते. विद्युतरोधक म्हणून तेथे ‘पीसीबी’ या नावाने ओळखली जाणारी तेलकट रसायने वापरली जात. सुमारे १९४७ ते १९७७ या काळात त्यांपैकी १३ लाख पौंडांपर्यंत द्रव्य नदीत सोडले गेले, असा तेथील पर्यावरण संरक्षण यंत्रणेचा अंदाज आहे. त्यातील बराच भाग फोर्ट एडवर्डच्या जुन्या धरणामागील गाळात अडकून राहिला होता. १९७३ मध्ये हे धरण काढून टाकण्यात आले आणि तो गाळ खालच्या भागात पसरला.

गाळातील किडे हे द्रव्य पोटात घेतात, किड्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे. चरबीत ते साठत जाते व प्रत्येक पायरीस त्याचे प्रमाण वाढते. १९७६ मध्ये वरच्या हडसनमधील मासेमारीवर बंदी घालण्यात आली. मासेमारांचा दोष काहीच नव्हता. उपजीविका मात्र त्यांची गेली.

१९८४ मध्ये नदी राष्ट्रीय सफाईच्या यादीत आली. गाळ उपसावा की न डिवचता राहू द्यावा, यावर दीर्घकाळ वाद चालला. उपशाने तळाचे विष पाण्यात मिसळेल, ही शंका अगदीच निराधार नव्हती. अखेर २००२ मध्ये उपशाचा निर्णय झाला आणि २००९ ते २०१५ या अवधीत सुमारे ६४ किलोमीटरच्या पट्ट्यातून कंपनीच्या खर्चाने सुमारे २१ लाख घनमीटर गाळ काढण्यात आला. तरीही तेथील मासे खाण्याबाबतच्या आरोग्यविषयक सूचना अद्याप लागू आहेत.

आपल्याकडे २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. धरणातील गाळ शेतास उपकारक असतो, यात शंका नाही. मात्र जलाशयाच्या वरच्या अंगास कारखाने असतील, तर गाळ शिवारात पसरण्यापूर्वी ग्रामपंचायतीने त्याची तपासणी करून घेणे इष्ट ठरेल. नेहमीच्या माती-परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश कळतात. शिसे वा कॅडमियम कळत नाही. त्यांचे परीक्षण वेगळे सांगावे लागते. नमुनाही मंद प्रवाहाच्या जागच्या बारीक गाळाचा घ्यावा. विषारी द्रव्ये बारीक कणांनाच धरून राहतात. वाळूचा नमुना निर्दोष आला, तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही.