काळ्या वेषाआधीचा निंजा

कुमारांच्या साहसकादंबऱ्यांत सामुराई बहुधा उघड्यावर, तत्त्वासाठी लढतो. निंजा काळ्या वेषात, पैशासाठी मागून वार करतो. या विभागणीचे मूळ शोधताना मला १६७६ सालच्या 'बान्सेन्शुकाई' या ग्रंथापाशी थांबावे लागले. शिवराज्याभिषेकानंतर दोनच वर्षांनी इगा प्रांतातील फुजिबायाशी घराण्यातल्या पुरुषाने हेरविद्येचे हे संकलन केले. १५८१मध्ये ओदा नोबुनागाच्या फौजेने हा डोंगराळ मुलूख उद्ध्वस्त केला, त्याला तेव्हा जवळजवळ शतक लोटले होते.

विशेष म्हणजे कुलपे उघडणे, आग लावणे यांच्या आधी ग्रंथ मनाच्या शुद्धतेबद्दल बोलतो. स्वार्थासाठी वापरली तर ही विद्या म्हणजे चोरीच, असे तो बजावतो. शिवाय इगा-कोगाचे अनेक हेर मुळात जमीन राखणारे ग्रामीण सामुराईच होते. दोन वेगळ्या जमाती नव्हत्या. वेगळे होते ते काम.

मग आजचा अद्भुत निंजा कुठला? तो बराचसा १९११मध्ये ओसाकात सुरू झालेल्या 'ताचिकावा बुन्को' या खिशात मावणाऱ्या पुस्तकमालेचा. कथेकऱ्यांच्या तोंडच्या गोष्टींवर बेतलेल्या या पुस्तकांवर दुकानांत राबणारी पोरे तुटून पडत. त्यांतला जादूई विद्या जाणणारा सारुतोबी सासुके खलनायक नव्हे, नायक होता.

म्हणून अशी कादंबरी मुलांच्या हाती देताना मी एवढेच सुचवेन : निंजाचा वेष कोणता यापेक्षा तो कुणासाठी भिंत चढतो, हे त्यांना विचारा. जुन्या ग्रंथाचाही प्रश्न तोच होता.