वर्गणी पैशांची आणि माणसांची

मराठीच्या अध्यापनात ज्याचे आयुष्य गेले, त्याने कणभौतिकीशी संबंधित विषयावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. खुलासा एवढाच की, प्रस्तुत लेखाचा विषय कण हा नसून, कणांच्या शोधासाठी एकत्र येणारी माणसे आणि त्यांच्या खर्चाचा हिशेब हा आहे. प्रोटॉन म्हणजे काय, हे आपल्या शाळेतील विज्ञानाचे शिक्षक माझ्याहून कितीतरी चांगले सांगतील. परंतु हजारो माणसे, पन्नासच्या आसपास देश आणि तीस-चाळीस वर्षांचा काळ यांची मोट कशी बांधतात, वर्गणी कोण ठरवतो आणि एखाद्याने मध्येच हात काढून घेतला तर काय होते, हे प्रश्न सार्वजनिक संस्थेत काम केलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहेत.

जिनिव्हाजवळची सर्न ही संस्था १९५४ मध्ये बारा युरोपीय राष्ट्रांनी स्थापन केली. प्रत्येक सभासद राष्ट्राची वर्गणी त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात ठरते. मत मात्र प्रत्येकाला एकच. जमिनीखालच्या सत्तावीस किलोमीटर परिघाच्या बोगद्यातील लार्ज हॅड्रॉन कोलायडर हे यंत्र या संस्थेचे आहे. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. जे ठाऊक नसते ते असे की, त्या यंत्रावर कणांच्या टकरी टिपणारी जी अवाढव्य उपकरणे बसविली आहेत, उदाहरणार्थ 'ॲटलस' आणि 'सीएमएस', ती सर्नच्या एकट्याच्या मालकीची नाहीत. ती जगभरच्या शेकडो विद्यापीठांनी आणि संशोधनसंस्थांनी मिळून उभारली. सर्न ही त्यांतली एक सभासद संस्था. सर्नचा स्वतःचा नोकरवर्ग अडीच-तीन हजारांच्या घरात आहे, आणि तेथे येऊन काम करणारे संशोधक बारा हजारांहून अधिक. या बारा हजारांपैकी बहुतेकांचा पगार त्यांच्या त्यांच्या गावचे विद्यापीठ देते.

आषाढीच्या पालखी सोहळ्यातील दिंड्यांची व्यवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजायला कठीण जाऊ नये. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला, भिशी तिची तिने गोळा करायची, स्वयंपाकाची भांडी तिची तिने वाहायची. चालायचे मात्र एका रथाच्या पुढेमागे, आणि तक्रार असेल तर समाजआरतीच्या वेळी टाळ वाजवत ठेवून चोपदाराच्या कानी घालायची. फरक हा की दिंडीचा हिशेब पंढरपूरला पोचल्यावर मिटतो. येथे वाटचालच तीन पिढ्यांची आहे.

एवढा भार एकाच राष्ट्राने उचलायचे ठरविले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेने घालून दिले. टेक्सासमध्ये सत्त्याऐंशी किलोमीटर परिघाचा महात्वरक बांधायला अमेरिकेने घेतला होता. खर्चाचा अंदाज सुमारे साडेचार अब्ज डॉलरवरून अकरा अब्जांच्या वर गेला. अमेरिकी काँग्रेस दरवर्षी नव्याने पैसे मंजूर करी, आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये तिने ते नाकारले. तोवर सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च होऊन बावीस-तेवीस किलोमीटर बोगदा खणून झाला होता. कामावरच्या सुमारे दोन हजार माणसांना दुसरी वाट धरावी लागली.

सर्नची स्थिती निराळी होती, पण सुखाची नव्हती. डिसेंबर १९९४ मध्ये कोलायडरला मान्यता मिळाली ती अशी की, पैसे पुरले नाहीत तर यंत्र दोन टप्प्यांत बांधावे. पुढे एकीकरणाच्या खर्चाने दबलेल्या जर्मनीने वर्गणी कमी करण्याचा आग्रह धरला, आणि १९९६ मध्ये अंदाजपत्रकाला कात्री लागली. त्याच वर्षी यंत्र एकाच टप्प्यात पुरे करण्याचा निर्णय झाला. तो शक्य झाला तो कर्ज काढण्याची मुभा मिळाल्याने आणि सभासद नसलेल्या जपान, रशिया, कॅनडा, भारत अशा देशांच्या मदतीने. अमेरिकेनेही १९९७ मध्ये त्रेपन्न कोटी दहा लाख डॉलरची जबाबदारी स्वीकारली.

येथे आपले इंदूर या गोष्टीत येते. भारताने १९९६ च्या करारान्वये रोख रक्कम न देता वस्तू आणि माणसे देऊ केली. दिलेल्या वस्तूंच्या ठरलेल्या किमतीपैकी निम्मा भाग भारताचा वाटा म्हणून धरायचा, आणि उरलेला निम्मा भारताच्या नावे एका निधीत जमा करायचा, ज्यातून आपले शास्त्रज्ञ तेथे जाऊन काम करू शकतील, अशी ती व्यवस्था. करार करणाऱ्याच्या व्यवहारज्ञानाला मी मनोमन दाद दिली आहे. सुखनिवासजवळचे प्रगत तंत्रज्ञान केंद्र, ज्याला २००५ पासून राजा रामण्णांचे नाव आहे, ते या कामाचे मुख्य ठाणे होते. तेथे आखलेले सुमारे सात हजार जॅक त्या बोगद्यात आहेत. पंधरा मीटर लांब आणि तीस टनांहून जड असा एकेक चुंबक तीन-तीन जॅकवर टेकलेला आहे, आणि या जॅकच्या साहाय्याने तो केसाच्या जाडीइतकादेखील इकडेतिकडे राहू नये इतक्या अचूकपणे जागेवर बसवता येतो. त्याखेरीज विचलन दुरुस्त करणारे अतिवाहक छोटे चुंबकही भारतातून गेले.

पुढे चुंबक तपासण्याची वेळ आली तेव्हा सर्नपाशी यंत्रे होती, पण अहोरात्र पाळ्या करायला माणसे नव्हती. तेव्हा भारतीय अणुऊर्जा विभागाने अभियंते आणि तंत्रज्ञ यांच्या तुकड्या पाठविल्या. प्रत्येक तुकडीने तेथे वर्षभराच्या मुक्कामाने काम केले, आणि हा क्रम अनेक वर्षे चालला. माझ्या मते भारताच्या वर्गणीतला हा सर्वांत मोलाचा भाग. जॅक दुसऱ्या कोणाकडूनही करवून घेता आले असते.

आता उपकरणांच्या हिशेबाकडे वळू. 'सीएमएस' हे चौदा हजार टन वजनाचे उपकरण. त्यासाठी खर्चाची मर्यादा १९९५ च्या किमतींनुसार सत्तेचाळीस कोटी पन्नास लाख स्विस फ्रँक इतकी ठरविण्यात आली, 'ॲटलस'लाही तेवढीच. ही रक्कम एका तिजोरीत कधीच जमा झाली नाही. थोडा भाग सामाईक निधीत आणि बाकीचा वस्तुरूपाने, अशी वाटणी झाली. रशियाने आपल्या नौदलाचे जुने तोफगोळे वितळवून पितळ दिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाने ऊर्जामापकाचा बाहेरचा थर केला. ज्या पायांवर त्या उपकरणाचे महाचुंबक उभे आहे, ते पाय पाकिस्तानात घडले. नकाशावर जे एकत्र येत नाहीत ते तेथे एकाच यंत्रात बसले आहेत.

या सर्वांना बांधून ठेवणारा कागद म्हणजे सामंजस्य करार, आणि तो कायद्याने बंधनकारक नाही. एखाद्या संस्थेने कबूल केलेला भाग दिला नाही तर तिच्यावर दावा लावता येत नाही. वर्षातून दोनदा निधी देणाऱ्या देशांच्या प्रतिनिधींची बैठक भरते. तेथे हिशेब मांडला जातो, कोणाचे किती देणे राहिले ते सर्वांसमक्ष वाचले जाते. चारचौघांत नाव निघण्याची लाज, हीच काय ती वसुलीची व्यवस्था. ती बऱ्याच अंशी चालते.

मात्र या हिशेबात एक मोठी जागा रिकामी आहे, आणि हा लेख लिहावा असे मला वाटले ते तिच्यामुळे. वर सांगितलेल्या मर्यादेत सामान आणि बाहेरून करवून घेतलेले काम धरले जाते. सहभागी संस्थांतील शास्त्रज्ञ, अभियंते आणि विद्यार्थी यांचे वेतन त्यात धरलेले नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. देशोदेशीचे पगार इतके भिन्न की, ते धरले तर तुलनाच अशक्य होईल. पण त्यामुळे ताळेबंदात माणूस दिसत नाही. उपकरण पूर्ण झाल्यावर चालू खर्च वाटताना मात्र तो एकदम दिसू लागतो. सामाईक देखभालीचा वाटा ठरतो तो त्या संस्थेतील डॉक्टरेट मिळालेल्या सहलेखकांच्या संख्येवरून. विद्यार्थी फुकट, ज्या दिवशी तो पदवी घेतो त्या दिवसापासून त्याच्या संस्थेच्या वर्गणीत भर पडते! गरीब देशातील विभागप्रमुखाला आपल्या विद्यार्थ्याच्या यशाने आनंद व्हावा की चिंता वाटावी, हे सांगणे कठीण.

शोधनिबंधावर नाव लागण्यासाठीही काम मोजून द्यावे लागते. पाळ्या करणे, तारा तपासणे, संगणकाच्या आज्ञावली दुरुस्त ठेवणे अशी सेवा नव्या सभासदाने बजावली की मगच त्याचे नाव यादीत चढते. दोन्ही गटांनी २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर मिळून जो निबंध छापला, त्यावर ५,१५४ नावे होती. तेहतीस पानांपैकी नऊ पाने विषयाची आणि चोवीस नावांची. साहित्याच्या माणसाला हे प्रथम विनोदी वाटते. परंतु ज्या सेवेसाठी रोख मोबदला नाही, तिची पावती दुसरी कोणती देणार?

खरी अडचण मुदतीची आहे. यंत्राचे आयुष्य दशकांत मोजायचे, आणि ते चालविणाऱ्या तरुणाची नेमणूक दोन किंवा तीन वर्षांची. उपकरणाचा एखादा कोपरा कसा वागतो हे त्याला कळू लागते तेव्हा त्याची मुदत संपत आलेली असते. सामान उशिरा आले तर ते साठवता येते. जाणकार माणूस निघून गेला तर त्याच्या टिपणवह्या पुरत नाहीत. २००१ मध्ये कोलायडरच्या खर्चात ऐंशी कोटी फ्रँकहून अधिक तूट असल्याचे उघड झाले. पुढच्या वर्षी युरोपीय गुंतवणूक बँकेकडून तीस कोटी युरोंचे कर्ज मिळाले आणि पैशाची वाट निघाली. त्या काटकसरीत नोकरवर्ग घटविताना जो अनुभव बाहेर गेला, त्याला कर्ज देणारी बँक कोठेच नव्हती. १९ सप्टेंबर २००८ रोजी एका सदोष विद्युत्जोडामुळे यंत्राला मोठा अपघात झाला. त्याचा संबंध मी नोकरकपातीशी लावीत नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण दुरुस्तीला वर्षाहून अधिक काळ लागला, आणि तेव्हा जुन्या हातांची किंमत सर्वांना कळली असणार.

युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाशी असलेला सर्नचा करार ३० नोव्हेंबर २०२४ रोजी संपविण्यात आला. मधल्या काळात तर पेच असा पडला की, रशियन संस्थांची नावे निबंधांवर छापावीत की नाहीत, यावर मतभेद झाले आणि काही काळ निबंध लेखकांच्या याद्यांवाचून प्रसिद्ध झाले. रशियाने उपकरणांच्या नूतनीकरणासाठी कबूल केलेला वाटा दुसरीकडून भरून काढावा लागला. याहून अवघड होते ते शेकडो जाणत्या माणसांची कामे दुसऱ्यांच्या हाती सोपविणे. त्यांपैकी काहीजण अन्य देशांच्या संस्थांत नेमणूक मिळवून राहिले.

भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहसभासद आहे. कोलायडरचा अधिक प्रखर अवतार २०३० च्या सुमारास सुरू व्हावा आणि तो २०४० च्या पुढे चालावा, अशी आखणी आहे. त्याचे चुंबक आज घडत आहेत आणि पैशांचे तक्ते वर्षावर्षाने मांडलेले आहेत. त्या अखेरच्या वर्षांत रात्रपाळीला जे बसतील, ते आज आपल्यासारख्याच कुठल्याशा शाळेच्या पाचवी-सहावीच्या वर्गात आहेत.