मातीचा हिशेब मांडणारा अभियंता : विलासराव साळुंखे

बेंगळूरुच्या उत्तरेस वसलेल्या देवनहळ्ळी तालुक्यात २००८ साली आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि तेथील जमिनीचे मोल एकरावरून चौरस फुटावर आले. या तालुक्याची जुनी ओळख मात्र निराळी आहे. तांबडी माती, द्राक्षांचे मळे, भौगोलिक निर्देशन लाभलेले 'चकोता' हे पपनस आणि पावसाचे पाणी साठवून ठेवणारे गावोगावचे तलाव, ही ती ओळख होय. जवळच्या नंदी टेकड्यांत नद्यांचा उगम होतो. तथापि वर्षाचा बहुतेक काळ त्यांची पात्रे कोरडीच असतात. विंधन विहिरींतून होणारा उपसा हा पुनर्भरणाहून अधिक असल्याने केंद्रीय भूजल मंडळाने हा तालुका अतिशोषित गटात टाकला आहे. जमिनीची किंमत वाढत गेली, परंतु त्या जमिनीवरील मातीची आणि मातीत मुरणाऱ्या पाण्याची किंमत कोणत्याही दस्तऐवजात नोंदली गेली नाही.

जमीन आणि माती यांतील हा फरक दख्खनच्या पठारावरील सर्वच अवर्षणप्रवण भागांना लागू पडतो. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका हा त्यांपैकीच एक. तेथे अर्ध्या शतकापूर्वी एका उद्योजक अभियंत्याने माती व पाणी यांचा एकत्रित हिशेब मांडला आणि तो गावकऱ्यांकडून प्रत्यक्षात उतरवून घेतला. विलासराव साळुंखे हे त्यांचे नाव. त्यांचे कार्य 'पाणी पंचायत' या नावाने सर्वपरिचित आहे. परंतु त्याचा पाया मृद्संधारणाचा होता, हे फारसे लक्षात घेतले जात नाही.

मुद्दल आणि व्याज

आर्थिक व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर माती हे शेतीचे मुद्दल असून पीक हे त्यावरील व्याज होय. एक इंच सुपीक थर तयार होण्यास निसर्गाला शतके लागतात. उलट, उतारावरील उघड्या शेतातून तोच थर काही पावसाळ्यांत वाहून जाऊ शकतो. एक हेक्टर क्षेत्रावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तरी ती माती साधारणतः १३ टन भरते. डोळ्यांना हा बदल जाणवतही नाही. डेहराडून येथील मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडलेल्या अंदाजानुसार, भारतात दर वर्षी दर हेक्टरी सरासरी १६ टनांहून अधिक मातीची धूप होते. मुद्दलच घटत असताना व्याजाचा दर कायम राहील, अशी अपेक्षा कोणी करू शकणार नाही.

मातीबरोबर पाणीही जाते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. जमिनीत ओलावा धरून ठेवणारा थरच उरला नसेल, तर हे पाणी ओढ्याला मिळते आणि जाताना आणखी माती घेऊन जाते. म्हणूनच मातीची राखण आणि पाण्याची साठवण ही दोन कामे नसून एकच काम आहे.

बांध घातले, पण टिकले नाहीत

महाराष्ट्राला हे ज्ञान नवे नव्हते. कोरडवाहू शेतीचे शास्त्रशुद्ध संशोधन पुण्याजवळील मांजरी येथे १९२३ साली सुरू झाले. पुढे १९३३ च्या सुमारास सोलापूर येथे त्यासाठी केंद्र स्थापन झाले. रावबहादूर ना. वि. कानिटकर यांनी उतारावरून वाहून जाणारे पाणी व माती यांची प्रत्यक्ष मोजमापे केली आणि बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी व वारंवार कोळपणी यांवर आधारलेली पद्धत सिद्ध केली. तत्कालीन मुंबई प्रांतात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांविषयीचा कायदा झाला आणि शासनाने मोठ्या प्रमाणावर समपातळी बांध घालण्याचे काम हाती घेतले.

तथापि पुष्कळ ठिकाणी हे बांध शेतकऱ्यांनीच फोडले. खोल काळ्या जमिनीत बांधालगत पाणी तुंबून पीक कुजू लागले, हे त्याचे एक कारण. बांध समपातळी रेषेने जाई आणि शेताची हद्द मात्र वेगळ्याच रेषेने, हे दुसरे. याहूनही खोलवरचे कारण हिताचे होते. माथ्यावरील शेतकऱ्याने बांध घातला, त्यासाठी जमिनीची पट्टी सोडली; परंतु मुरलेले पाणी झिरपत पायथ्याच्या शेतकऱ्याच्या विहिरीत गेले. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असेल, तर असा व्यवहार फार काळ चालत नाही. तंत्र बरोबर होते. लाभाच्या वाटपाची मांडणी मात्र कोणी केली नव्हती. साळुंखे यांचे वेगळेपण याच ठिकाणी दिसून येते.

नायगावचा माळ

साळुंखे यांचा पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणे तयार करण्याचा व्यवसाय होता. १९७२ च्या भीषण दुष्काळात त्यांनी पुरंदर तालुक्यातील परिस्थिती पाहिली. हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथील पाऊस २५० ते ५०० मिलिमीटर आणि तोही लहरी. हजारो शेतकरी दुष्काळी कामावर खडी फोडीत होते. त्या कष्टातून मजुरी मिळत होती, परंतु पुढील दुष्काळ टाळणारे काहीही निर्माण होत नव्हते. हेच श्रम शेतकऱ्यांच्या रानात बांध घालण्यासाठी व तलाव खोदण्यासाठी लागले, तर ती खरी गुंतवणूक ठरेल, असा विचार त्यांनी धरला.

१९७४ साली त्यांनी 'ग्रामगौरव प्रतिष्ठान' स्थापन केले आणि नायगाव येथील देवस्थानची सुमारे १६ हेक्टर, म्हणजे ४० एकर, पडीक जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. उताराची, धुपलेली आणि कोणालाही नको असलेली ही जमीन होती. पत्नी कल्पनाताई यांच्यासह त्यांनी तेथेच मुक्काम केला.

कामाची आखणी माथ्यापासून पायथ्याकडे अशी होती. वरच्या भागात गवत व झाडे राखावयाची, मधल्या उतारावर समपातळी बांध व ताली घालून मातीला थोपवावयाचे, सर्वांत खाली पाझर तलाव खोदावयाचा आणि तलावाच्या खालच्या अंगाला विहीर काढावयाची. विहिरीत झिरपून आलेले पाणी पुन्हा पंपाने वर उचलून शेतांना द्यावयाचे. या मांडणीमागे साधे अंकगणित होते. १६ हेक्टर क्षेत्रावर वर्षभरात ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ८ कोटी लिटर पाणी पडते. त्याचा काही अंश जरी मातीत आणि तलावात अडला, तरी हंगामी पिके हमखास निघू शकतात. काही वर्षांतच त्या माळावर धान्य पिकू लागले. पायथ्याचे पाणी माथ्याकडे परत नेण्याच्या या योजनेने बांध घालणारा आणि लाभ घेणारा यांच्यातील जुनी दरीही बुजविली.

पाण्याची वाटणी : माणशी अर्धा एकर

नायगावचा प्रयोग पाहून आसपासची गावे पुढे आली. त्यांच्यासाठी जी नियमावली तयार झाली, तीच पाणी पंचायत होय. तिची प्रमुख सूत्रे अशी :

१. योजना कोणा एका शेतकऱ्यासाठी नसून शेतकऱ्यांच्या गटासाठीच असेल.

२. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीवरून न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवरून ठरेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी आणि एका कुटुंबाला कमाल अडीच एकरांपुरते पाणी, अशी ही मर्यादा आहे.

३. पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला नाही. जमीन विकली, तरी पाणी विकता येणार नाही. तो हक्क गटाकडे परत येईल.

४. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा राहील. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसून ते तो वापरू शकतील.

५. ऊस, केळी यांसारखी बारमाही व जास्त पाणी पिणारी पिके घेता येणार नाहीत.

यांपैकी चौथे सूत्र वरवर पाहता दानधर्माचे वाटते; प्रत्यक्षात ते व्यवहाराचे आहे. माथ्यावरील कुरणात ज्यांची गुरे चरतात, सरपणासाठी ज्यांना झाडे तोडावी लागतात, त्यांत भूमिहीन कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. त्यांना पाण्यात वाटा नसेल, तर कुरण राखण्यात त्यांचे हित ते काय? आणि माथा उघडा पडला की खालचा तलाव गाळाने भरणार हे ठरलेलेच. वाटा मिळाल्यावर तेच मातीचे राखणदार होतात.

उसावरील बंदीमागेही हाच विचार होता. एका एकरातील ऊस जेवढे पाणी पितो, तेवढ्यात कित्येक एकर ज्वारी, हरभरा किंवा भाजीपाला निघतो. पाणी सर्वांनी मिळून अडवावयाचे आणि मूठभरांनी संपवावयाचे, असे झाल्यास पुढच्या वर्षी बांधाची डागडुजी करण्यास कोणीही येणार नाही. वाटपाचे काम गटाने नेमलेला पाटकरी पाहत असे.

भांडवलाची रचना

या योजनांची आर्थिक बाजूही अभ्यासण्याजोगी आहे. एकूण खर्चापैकी २० टक्के रक्कम लाभार्थी शेतकऱ्यांनी सुरुवातीसच भरावयाची, ५० टक्के शासकीय अनुदान आणि उरलेले ३० टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्ज, अशी ही विभागणी होती. योजना चालविण्याचा व देखभालीचा भार गटावरच राहत असे.

कर्जव्यवहारात कर्जदाराच्या स्वतःच्या हिश्शाला जे महत्त्व आहे, तेच येथे २० टक्क्यांना होते. दुष्काळी भागातील शेतकऱ्याला ही रक्कम उभी करणे सोपे नव्हते. परंतु ज्या कामात स्वतःचा पैसा गुंतलेला आहे, त्या कामाचा बांध कोणी रातोरात फोडीत नाही. पूर्वीच्या शासकीय बांधबंदिस्तीत नेमकी हीच कडी निसटली होती.

मर्यादा आणि वारसा

या कार्याचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादाही पाहावयास हव्यात. उपसा योजना विजेवर चालतात. वीजबिल आणि पंपांची दुरुस्ती यांचा बोजा वाढत गेला. रोख पैसा देणाऱ्या पिकांचे आकर्षणही होतेच. कालांतराने अनेक योजना थंडावल्या वा बंद पडल्या. साळुंखे यांचे निधन २००२ साली झाले.

तरीही त्यांनी घालून दिलेली दिशा पुसली गेली नाही. फादर हरमन बाखर यांच्या पुढाकाराने अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथून आकाराला आलेला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम १९९२ साली सुरू झाला. त्यातही श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी या अटी गावाने आधी मान्य कराव्या लागत. नाबार्ड या कार्यक्रमात सहभागी होती. पुढे १९९९-२००० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषित झालेला पाणलोट विकास निधीही नाबार्डकडेच सोपविण्यात आला. कर्नाटकातही २००१ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने कोलारसह पाच जिल्ह्यांत 'सुजल' हा पाणलोट प्रकल्प राबविला गेला. गावाचा सहभाग ही पूर्वअट असावी, हे तत्त्व या साऱ्यांतून रूढ होत गेले.

देवनहळ्ळीसारख्या तालुक्यासाठी

पुरंदरची नियमावली जशीच्या तशी अन्यत्र लागू करता येईल असे नाही. देवनहळ्ळी परिसरात पाऊस पुरंदरपेक्षा अधिक असून तलावांची परंपरा जुनी आहे. तेथील तलावाचे पाणी शेताशेतांत सोडणारा 'नीरगंटी' हा जणू पुरंदरच्या पाटकऱ्याचा कन्नड भाऊच. तलावात साचलेला गाळ उन्हाळ्यात शेतात नेऊन टाकण्याची रीतही तेथे आहे. वाहून गेलेले मुद्दल परत खात्यात जमा करण्याचाच तो प्रकार म्हणावा लागेल. विंधन विहिरी आल्या, तसे तलावाकडे दुर्लक्ष झाले आणि ही व्यवस्था मागे पडली.

शेतजमीन असलेल्या वा ती घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांनी म्हणूनच काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. सात-बाराचा उतारा, किंवा कर्नाटकात असल्यास पहाणीपत्रक, जसे तपासावयाचे, तसाच शेताचा उतार, मातीच्या थराची खोली आणि बांधांची स्थितीही तपासावी. विंधन विहीर घेण्यासाठी कर्ज काढण्याआधी, ती विहीर भरणारे पाणी कोठे मुरते, हा प्रश्न विचारावा. बांधबंदिस्ती, सपाटीकरण, शेततळे यांसारख्या भूविकासाच्या कामांसाठीही बँका मुदत कर्ज देतात. अशा कर्जातून उभी राहणारी मालमत्ता कागदावर दिसत नसली, तरी दर पावसाळ्यात ती आपले मोल दाखवून देते. शक्य असेल तेथे ही कामे शेजाऱ्यांना बरोबर घेऊन करावीत, कारण पाणी आणि माती गटक्रमांकाच्या हद्दी ओळखत नाहीत.

विलासराव साळुंखे यांनी दाखवून दिलेली गोष्ट साधी आहे. बांध दगडमातीने उभा राहतो, पण टिकतो तो न्याय्य वाटपाने. वरच्या शेतकऱ्याला, खालच्या शेतकऱ्याला आणि ज्याला शेतच नाही त्यालाही आपला वाटा दिसला, म्हणजे माती राखण्यासाठी वेगळा पहारेकरी नेमावा लागत नाही.