मनाचा सल्लागार आणि त्याचे उत्तरदायित्व

शरीराला जखम झाली की ती दिसते. रक्त वाहते, सूज येते, जवळची माणसे धावून येतात आणि जखमीला डॉक्टरकडे नेतात. डॉक्टरच्या दाराबाहेर त्याच्या पदवीची पाटी असते, त्याच्या चिठ्ठीवर नोंदणीचा क्रमांक छापलेला असतो आणि औषधाची बाटली तर रुग्णाच्याच घरी राहते. उपचारात काही चुकलेच, तर कोठे व काय चुकले हे शोधण्यास या साऱ्या खुणा उपयोगी पडतात. मनाच्या दुखण्याची गोष्ट निराळी आहे. तेथे जखमही अदृश्य आणि औषधही अदृश्य. बंद दाराआड दोन माणसे समोरासमोर बसतात. एक बोलतो, दुसरा ऐकतो आणि अधूनमधून काही विचारतो, काही सुचवतो. तासाभराने पहिला उठून जातो तेव्हा त्याच्या हाती बाटली नसते, बहुधा चिठ्ठीही नसते. जे काही घडले ते शब्दांनी घडलेले असते.

या दुसऱ्या माणसाला आज समुपदेशक म्हणतात. परीक्षेच्या धास्तीने खचलेला विद्यार्थी, संसारात कोंडमारा सोसणारी गृहिणी, नोकरी गेलेला कुटुंबप्रमुख, परमुलखात एकाकी पडलेला तरुण असे अनेकजण त्याच्या दाराशी येतात. पूर्वी ही भूमिका घरातील वडीलधारी माणसे बजावीत. ती घरे आता विखुरली आणि ऐकून घेणारी माणसे दुर्मीळ झाली. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसून आले, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. गरज मोठी आणि जाणकार थोडे अशी ही स्थिती आहे. अशा वेळी ज्याच्याजवळ आपण मन उघडे करणार तो कोण, तो काय शिकला आहे, आणि त्याच्या हातून अपाय झाला तर त्याचा भार कोण उचलणार, हे प्रश्न केवळ कायदेपंडितांचे राहत नाहीत. ते प्रत्येक कुटुंबाचे होतात.

नुसत्या बोलण्याने कसला अपाय व्हायचा, असे कित्येकांना वाटते. परंतु आपल्याकडे शस्त्राचा घाव भरतो, शब्दाचा भरत नाही, असे म्हटले जाते ते उगाच नव्हे. आणि या व्यवसायातील अपाय केवळ कठोर शब्दांचा नसतो. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले की माणूस उदास व निरुत्साही होतो. अशा रुग्णाला रक्ततपासणीसाठी पाठविण्याऐवजी महिनोन्महिने नुसता धीर देत राहणारा समुपदेशक त्याचे नुकसानच करीत असतो. मनोविकारावरील औषधे घेणाऱ्यास ‘गोळ्या सोडा, मनोबल वाढवा’ असा उपदेश करणारा तर त्याला कड्याच्या टोकाशी नेऊन उभा करतो. कोणी विश्वासाने सांगितलेले गुपित नातेवाइकांच्या कानी घालतो, कोणी असहाय माणसाच्या परावलंबनाचा गैरफायदा घेतो. यांतील काही चुका अज्ञानाच्या, काही निष्काळजीपणाच्या, तर काही उघड अनीतीच्या आहेत. त्यांवरचे उपायही म्हणूनच वेगवेगळे असावे लागतात. अज्ञानावर शिक्षण व नोंदणी, निष्काळजीपणावर भरपाई, आणि अनीतीवर शिक्षा.

प्रथम नोंदणीचा विचार करू. भारतात या दिशेने पडलेले पहिले महत्त्वाचे पाऊल म्हणजे १९९२ सालचा भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा. या कायद्याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ज्यांना आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो, त्यांच्यासाठी मध्यवर्ती नोंदवही निर्माण झाली. त्या वहीत नाव नसता पुनर्वास क्षेत्रातील व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेथे नाव घालण्याची वाट कित्येक वर्षे अशी होती की, मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम पुरा करावयाचा आणि त्यात अनुभवी गुरूंच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसमवेत काम करावयाचे. ही देखरेख हेच या शिक्षणाचे मर्म आहे. पुस्तकातून मनाचे नियम कळतात. पण समोरचा माणूस अचानक गप्प झाला तर त्या शांततेचा अर्थ काय, हे जुन्या जाणत्याच्या शेजारी बसूनच शिकावे लागते.

पुढे २०१७ साली मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला व तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने रुग्णाच्या हक्कांना मोठेच बळ दिले. रुग्णाची माहिती गुप्त राखणे हे कर्तव्य ठरले; मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने वैद्यकीय विम्याचे संरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक झाले. मानसिक आरोग्याचे व्यावसायिक कोण, याचीही व्याख्या त्यात आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका, मनोविकारक्षेत्रातील समाजकार्यकर्ते, आणि आयुर्वेदादी पद्धतींतील त्या विषयाचे पदव्युत्तर पदवीधर एवढ्यांचा तीत समावेश होतो. ‘समुपदेशक’ हे नाव मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे येत नाही. म्हणजे ज्याच्याकडे सामान्य माणूस सर्वांत आधी जातो, तोच व्याख्येच्या उंबरठ्याबाहेर उभा राहिला.

ही उणीव भरून काढण्याची वाट २०२१ साली मोकळी झाली. त्या वर्षीच्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने आरोग्यक्षेत्रातील अनेक व्यवसायांना प्रथमच एका छत्राखाली आणले, आणि त्यांत वर्तनविषयक आरोग्याचे व्यावसायिक म्हणून मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते व निरनिराळ्या प्रकारचे समुपदेशक यांना स्थान दिले. शिक्षणाचे मापही या कायद्याने तासांत सांगितले. सहयोगी कार्यकर्त्यासाठी दोन ते चार वर्षांत विभागलेले किमान २,००० तास आणि स्वतंत्र व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांतील किमान ३,६०० तास. आठवड्याच्या अखेरीस दोन दिवसांचा वर्ग करून मिळविलेले रंगीत प्रशस्तिपत्र आणि हे तास यांची तुलना केली की मुद्दा आपोआप स्पष्ट होतो. मात्र कायदा झाला म्हणजे नोंदवही झाली असे नव्हे. राज्याराज्यांत परिषदा स्थापून नावे नोंदण्याचे काम सर्वत्र सारख्या गतीने झालेले नाही.

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे समुपदेशकांना परवाना देणारा पहिला कायदा व्हर्जिनिया राज्याने १९७६ साली केला, आणि शेवटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया राज्यात तो २००९ साली झाला. संपन्न देशालाही हे वर्तुळ पुरे करण्यास तेहेतीस वर्षे लागली. त्यावरून धीर धरण्यास हरकत नाही. परंतु स्वस्थ बसण्यास ते निमित्त होऊ नये. कारण मागणी थांबलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने मुलांच्या व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे सांगितले. अशा शाळा-महाविद्यालयांची देशभरची संख्या ध्यानात घेतली म्हणजे खुर्ची आधी आणि माणूस मागाहून, अशी वेळ येण्याची भीती कळते.

आता भरपाईचा प्रश्न. वैद्यकीय सेवा ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात दिला. मोबदला घेऊन दिलेल्या सेवेत उणीव राहिल्यास रुग्णाला भरपाई मागता येते, हे त्यातील तत्त्व. शुल्क घेऊन सल्ला देणाऱ्या समुपदेशकाला आपण या तत्त्वापासून अलिप्त आहोत, असे समजून चालणार नाही. तथापि प्रत्येक अपयश म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्या व्यवसायातील सामान्य कुशल माणसाने जी काळजी घेतली असती ती घेतली होती काय, ही कसोटी न्यायालये लावतात. ती कसोटी मूळची इंग्लंडमधील १९५७ सालच्या बोलम खटल्याची. आणि विशेष असे की, तो खटला एका मनोरुग्णालयातच उद्भवला होता. विजेचे झटके देताना स्नायू सैल करणारे औषध दिले नाही म्हणून एका रुग्णाची हाडे मोडली होती. त्या काळी जाणत्या डॉक्टरांत या प्रश्नावर दोन मते होती, म्हणून रुग्णालयास दोषी धरले गेले नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात हीच कसोटी मान्य केली.

दावा उभा राहिला की दोन खर्च समोर येतात. एक वकिलाचा व दुसरा प्रत्यक्ष भरपाईचा. एकट्याने व्यवसाय करणाऱ्या मध्यमवर्गीय समुपदेशकाला हे दोन्ही पेलणे कठीण. येथे व्यावसायिक दायित्वाचा विमा उपयोगी पडतो. व्यवहारात त्याला प्रोफेशनल इन्डेम्निटी म्हणतात. आयुर्विम्यात माणूस आपल्या मागे राहणाऱ्यांची सोय करतो. या विम्यात तो आपल्या हातून चुकून दुखावल्या जाणाऱ्या परक्या माणसाची सोय करतो. वार्षिक हप्ता भरला की, ठरलेल्या मर्यादेपर्यंत बचावाचा खर्च व भरपाई कंपनी देते. मर्यादा दोन असतात. एका प्रसंगासाठी एक आणि वर्षभरातील सर्व प्रसंग मिळून दुसरी. विमापत्र घेताना केवळ मोठा आकडा न पाहता हे दोन्ही आकडे पाहावे लागतात.

या विम्यातील एक गोम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सामान्यतः हा विमा चूक घडली त्या दिवसाचा नसून दावा दाखल झाला त्या दिवसाचा असतो. समजा, समुपदेशकाने यंदा सल्ला दिला, वर्षअखेरीस व्यवसाय आवरता घेऊन हप्ता थांबवला, आणि पुढच्या वर्षी तक्रार आली, तर जुने विमापत्र त्याच्या उपयोगी पडत नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत असते, हे लक्षात घेतले म्हणजे विम्यात खंड न पडू देण्याचे महत्त्व पटते. तसेच तक्रारीची कुणकुण लागताच कंपनीस कळविणे आणि तिच्या संमतीवाचून दोष कबूल न करणे, या अटीही विमापत्रात असतात.

परंतु विमा हे सर्व पापांचे क्षालन करणारे तीर्थ नव्हे. जाणूनबुजून केलेले दुष्कृत्य, गुन्हा, नशेत केलेले काम, कायद्याने ठोठावलेला दंड यांचा भार कंपनी उचलत नाही; आणि उचलू नये हेच योग्य. शिवाय विमा देताना कंपनी अर्जदाराचे शिक्षण व नोंदणी यांची चौकशी करते, आणि तेथे दिलेली खोटी माहिती पुढे दावाच रद्द करू शकते. येथे नोंदवही व विमापत्र यांची गाठ पडते. विम्यावाचून नोंदणी असेल, तर चूक सिद्ध होऊनही पीडिताच्या हाती केवळ निकालपत्राचा कागद राहण्याचा संभव. आणि नोंदणीवाचून विमा मागावा, तर कोणत्या मापाने जोखीम मोजावी हेच कंपनीला कळत नाही.

समुपदेशकाच्या खांद्यावर आणखीही एक अवघड कर्तव्य आहे. गुपित राखणे हा त्याचा धर्म. पण या धर्मालाही सीमा आहेत. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ सालच्या कायद्याप्रमाणे असा अपराध कळल्यावर तो पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. गप्प राहणे हा स्वतःच अपराध आहे. दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तेथे आवश्यक तेवढी माहिती उघड करण्यास २०१७ चा कायदाही वाव देतो. कोठे मौन पाळावे आणि कोठे ते मोडावे, हा विवेक अर्धवट शिकलेल्याला सुचत नाही. आणि या सीमा पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगणे हे चांगल्या समुपदेशकाचे लक्षण आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो व तो रास्त आहे. आधीच माणसे थोडी; त्यांत पदव्या, नोंदवह्या आणि हप्ते यांची कुंपणे घातली, तर खेड्यातील गरिबाला आधार देणारी आशाताई किंवा शिक्षक यांनीही तोंड मिटून बसावे काय? तसे मुळीच नाही. दुःखिताचे ऐकून घेण्यास कोणाच्याही परवान्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती, ऐकणे कोठे संपते व उपचार कोठे सुरू होतो हे ओळखण्याची, आणि ती रेषा येताच त्या माणसाला योग्य दारी पोहोचविण्याची. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा याच हेतूची आहे. १४४१६ या क्रमांकावर देशातून कोठूनही, अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

नोंदवह्या पुऱ्या होईपर्यंत सामान्य माणसाला निराधार राहण्याचे कारण नाही. काही साधे प्रश्न तो पहिल्याच भेटीत विचारू शकतो. आपले शिक्षण कोणते व कोठे झाले? आपण कोणाच्या देखरेखीखाली काम केले? कोणत्या नोंदवहीत आपले नाव आहे व क्रमांक काय? माझी माहिती कोणाला, केव्हा सांगितली जाईल? माझे दुखणे आपल्या आवाक्याबाहेरचे ठरले तर आपण मला कोणाकडे पाठवाल? आणि व्यवसायाचा विमा आहे काय? जाणत्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही. जो रागावतो, त्याने आपले उत्तर दिलेच आहे असे समजावे.

मन चिंती ते वैरी न चिंती, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपल्याच चिंतांनी घेरलेला माणूस जेव्हा परक्याच्या दारात येऊन उभा राहतो, तेव्हा तो आपले सर्वांत नाजूक धन त्याच्या हवाली करीत असतो. सोनाराकडे सोने ठेवतानाही माणूस पावती मागतो. नोंदणीचा क्रमांक व विमापत्र ही त्याहून मोलाच्या ठेवीची पावती आहे. विश्वास काही तिने उत्पन्न होत नाही. तो समोरच्या माणसाच्या शीलानेच होतो. पण ठेवलेला विश्वास अस्थानी ठरला, तर दाद मागण्यास कोठे जावे हे त्या पावतीवर लिहिलेले असते, आणि दुबळ्या क्षणी सापडलेल्या माणसाला तेवढा आधार मिळालाच पाहिजे.