क्रियाविशेषण आणि स्वल्पविराम

इंग्रजी निबंधाच्या वह्या तपासताना एक चूक इतक्या वेळा समोर येते, की ती निष्काळजीपणाची नसून मातृभाषेची असावी, असा माझा ग्रह झाला आहे. बारडोलीच्या मुलास १९२८ च्या सत्याग्रहावर चार ओळी लिहावयास सांगितल्या, तर तो लिहितो : ‘द गव्हर्नमेंट रेज्ड द रेव्हेन्यू, हाउएव्हर द फार्मर्स डिड नॉट पे इट.’ मराठीत हेच वाक्य ‘सरकारने सारा वाढविला, तथापि शेतकऱ्यांनी तो भरला नाही’ असे निर्दोष ठरते. कारण ‘तथापि’ हे उभयान्वयी अव्यय, आणि दोन वाक्ये सांधणे हा त्याचा धर्मच होय. गुजराती मुलाच्या ‘छतां’ आणि ‘तेथी’ यांचीही हीच गोष्ट. इंग्रजीत मात्र ‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ ही क्रियाविशेषणे आहेत. त्यांस सांधण्याचा अधिकार नाही. म्हणून येथे ‘हाउएव्हर’च्या पूर्वी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा, व नंतर स्वल्पविराम. ‘बट’ हे उभयान्वयी. त्याच्यापूर्वी स्वल्पविराम पुरतो. दोहोंचा अर्थ ‘पण’ असा एकच सांगून आपण शिक्षकच हा घोटाळा वाढवितो, आणि मग तांबड्या शाईने रेघ ओढतो.

‘हाउएव्हर’पुढील स्वल्पविराम गाळला, तर अर्थही पालटू शकतो. ‘हाउएव्हर हार्ड द गव्हर्नमेंट प्रेस्ड, दे डिड नॉट पे’ यात तोच शब्द ‘कितीही’ या अर्थी येतो. येथे तो ‘हार्ड’ला चिकटून आहे, मध्ये चिन्ह घातले, की वाक्य मोडलेच.

याहून मौजेचा प्रकार पुढचा. ‘शी सँग नॅचरली’ म्हणजे ती सहजपणे गायिली. ‘नॅचरली, शी सँग’ म्हणजे ती साहजिकच गायिली. मराठीने या दोन अर्थांसाठी दोन शब्द योजिले, इंग्रजीने जागा पालटून एक स्वल्पविराम दिला. ‘क्लिअरली’चेही तसेच : एकीकडे ‘स्पष्टपणे’, दुसरीकडे ‘उघडच’. विद्यार्थ्यास प्रथम मराठी वाक्य करावयास लावावे. त्यास कोणता शब्द सुचतो, त्यावरून चिन्ह आपोआप ठरते.

वस्तुतः स्वल्पविराम आपल्याकडे इंग्रजीवरूनच आला. मेजर थॉमस कँडी यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चे. मोडी कागदांत तर शब्द तोडून लिहिण्याचीही चाल नव्हती. चिन्ह परके आले, पण पुढे त्यास नियम मराठी वाक्याचे लागले. असो.

‘ऑल्वेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ ही क्रियापदापूर्वी आली असता त्यांस काहीही चिन्ह नको. येथे मुले उगाच दोन्हीकडे स्वल्पविराम पेरतात. वाक्यारंभीच्या ‘नाउ’, ‘देन’, ‘यस्टरडे’ यांच्यापुढे तो दिला काय, न दिला काय, बहुधा चालते. वाक्यान्ती येणाऱ्या ‘टू’च्या आधी तो असावा की नसावा, याविषयी चांगल्या लेखकांतही एकमत नाही; मी त्याकरिता गुण कापीत नाही.