शब्बाथचे टेबल, प्लाता आणि आमची मनी



मागच्या अंकात रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेण्याविषयी लिहिले होते. या वेळचा विषय पाहून काही जण हसतील. आरोग्याच्या सदरात मांजर कुठून आले, असे विचारतील. पण माझे उजवे मनगट गेल्या हिवाळ्यात मोडले, ते मांजरामुळेच. खरे सांगायचे तर मांजरापेक्षा माझ्या अज्ञानामुळे. चाळीस वर्षे वॉर्डात काम केलेल्या बाईला घरातल्या मांजराला वळण लावता येत नव्हते. आपल्यातील कित्येक वयस्कर मंडळी आता एकेकटी राहतात आणि सोबतीला मांजर पाळतात, म्हणून हे लिहीत आहे.

तेवेत महिन्यातला शुक्रवार होता. हिवाळ्यात शब्बाथ लवकर येतो, साडेचारच्या आत बत्त्या लावाव्या लागतात. मी मेणबत्त्या लावल्या, बेराखा म्हटली आणि ओट्याकडे वळले. तेवढ्यात मनीने टेबलावर उडी मारली. तिच्या शेपटीचा धक्का लागून एक मेणबत्ती आडवी झाली. टेबलक्लॉथवरचे प्लास्टिक वितळायला लागले. मी पाण्याचा जग घेऊन धावले आणि सगळे पाणी ओतले. आग विझली, पण घाबरलेली मनी माझ्या पायात आली आणि मी हातावर आपटले. शेजारीणबाईंनी मला हॉस्पिटलात नेले. जिवाच्या प्रश्नात शब्बाथ आड येत नाही, हे आपण सगळे जाणतो. प्लास्टर सहा आठवडे होते.

मुलगा आला तो रागातच. म्हणाला, "आई, तू पंच्याहत्तरीची. घराला आग लागली असती. मांजर देऊन टाक कुणाला तरी."

त्याचे चूक नव्हते. पण मनी माझ्या यजमानांनी आणलेली. आठ वर्षांपूर्वी कचऱ्याच्या डब्यांजवळ ओरडत होती, तळहाताएवढी. ते जाऊन तीन वर्षे झाली. सकाळी उठल्यावर "उठलीस का ग?" असे विचारायला मला घरात तिच्याशिवाय कोणी नाही. मी मुलाला म्हटले, "मला पेसाखपर्यंत मुदत दे. तोवर ती सुधारली नाही, तर तू म्हणशील तसे."

मांजर वर का चढते?

दुसऱ्या आठवड्यात मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टेबलावर तिला काय मिळते?" मी म्हटले, "काही नाही." त्या हसल्या. घरी येऊन मी नीट पाहिले, तेव्हा समजले.

पहिली गोष्ट म्हणजे खाणे. शुक्रवारी मी ओट्यावर मासे साफ करते. एकदा का मांजराला माशाचे कातडे सापडले, की पुढे शंभर वेळा ते तिथे बघून जाणार. लॉटरीसारखेच आहे. कधीतरी लागते, म्हणून माणूस रोज तिकीट घेतो.

दुसरी गोष्ट ऊब. आपल्याला पंचवीस अंशातच बरे वाटते, पण मांजराला ३० ते ३८ अंश सेल्सिअस तापमान सुखाचे वाटते. इथल्या घरांच्या थंडगार फरशीवर हिवाळ्यात ते कसे बसेल? शब्बाथचा प्लाता रात्रभर चालू, त्याच्या शेजारचा ओटा गरम. मनीच्या दृष्टीने घरातली सर्वांत चांगली जागा तीच.

तिसरी गोष्ट उंची. वरून सगळे दिसते, मागून कोणी येत नाही, म्हणून मांजराला उंचावर सुरक्षित वाटते. आणि चौथी वेळ. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जास्त जागे असते, कारण त्याची शिकारीची वेळ ती. म्हणजे नेमकी आपली बत्त्या लावण्याची वेळ.

आमच्या लहानपणी कोकणात या गोष्टीवर सोपा उपाय होता. दूध, दही, मासे शिंक्यात टांगलेले असत. शिंके तुटले आणि बोक्याचे फावले, ही म्हण त्यातूनच आली. शब्बाथची बत्तीसुद्धा माझी आई काचेच्या पेल्यात लावायची. खाली पाणी, वर खोबरेल तेल, त्यात काडवात, आणि पेला वर टांगलेला. घरात तीन मांजरे होती, पण बत्ती कधी पडली नाही. मांजराला शिकवण्याआधी वस्तूंची जागा बदलायची, हे आईला कुणी न शिकवता समजले होते.

ओरडून काय होते?

मी आधी काय काय केले ते सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. मी ओरडले, टाळ्या वाजवल्या, पाण्याचा फवारा मारला. मनी मला पाहिली की खाली उतरायची आणि मी झोपले की वर जायची. टेबल वाईट आहे, हे ती शिकली नाही. म्हातारी वाईट आहे, एवढेच शिकली. शिवाय घाबरलेले मांजर अंधपणे पळते, आणि माझ्या पडण्याचे कारण तेच होते. मारणे तर अजिबात नको. भ्यायलेले मांजर चावते. त्याचे दात सुईसारखे, जखम वरून इवलीशी दिसते, पण जंतू आत खोल जातात. मधुमेह असलेल्यांचा हात एका दिवसात सुजलेला मी पाहिला आहे. चावले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अनोळखी मांजर असेल तर रेबीजची चौकशी करावीच लागते.

काही जण नखे काढून टाकण्याविषयी विचारतात. ती नखे कापणे नव्हे, बोटाचे शेवटचे हाडच कापणे असते. इस्राएलमध्ये २०११ साली कायद्याने त्याला बंदी झाली, आणि ते योग्यच झाले.

मनीला कसे शिकवले?

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला नियम सोपा आहे. एक जागा काढून घ्यायची असेल, तर तिच्यापेक्षा चांगली जागा द्यायची. वॉर्डातही हेच होते. पेशंट पलंगावरून सारखा उतरत असेल, तर रागावण्यापेक्षा त्याला लागणारी वस्तू हाताशी ठेवावी.

मी खिडकीजवळ एक उंच लाकडी स्टूल ठेवले, ओट्याएवढेच उंच. त्यावर यजमानांचा जुना स्वेटर घातला. तिथून मनीला स्वयंपाक दिसतो, मी दिसते आणि खालचा रस्ताही दिसतो. ती आपणहून स्टुलावर बसली की लगेच उकडलेल्या कोंबडीचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा द्यायचा. लगेच म्हणजे एकदोन सेकंदांत. उशीर झाला तर कशाचे बक्षीस मिळाले, हे तिला समजत नाही. कोंबडीत मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात.

पहिल्या आठवड्यात माझी एक चूक झाली. मनी टेबलावर गेली की मी तिला उचलून स्टुलावर ठेवत असे आणि लगेच तुकडा देत असे. ती हुशार निघाली. तुकडा हवा असला की आधी टेबलावर जायची आणि माझ्याकडे बघत बसायची! मग क्रम बदलला. टेबलावर गेली तर एक शब्द न बोलता, डोळ्यांत न बघता खाली ठेवायची. तुकडा फक्त आपणहून स्टुलावर गेली तर.

टेबलाच्या कडेला मी पुठ्ठे ठेवले आणि त्यांवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. पायाला चिकचिक मांजराला आवडत नाही. मी घरात नसतानाही टेप आपले काम करते, हा तिचा फायदा. कोणी अॅल्युमिनियम फॉइल पसरायला सांगतात. मनी फॉइलवर खुशाल झोपली. तीन आठवड्यांनी पुठ्ठे काढले.

आणि घरातल्या सर्वांचा नियम एकच हवा. माझा बारा वर्षांचा नातू जेवताना गुपचूप तिला घास देत होता. त्याला समजावणे मनीपेक्षा कठीण गेले.

शुक्रवारची तयारी

बत्त्या लावण्याच्या अर्धा तास आधी मी दोरीला पीस बांधून मनीला दहा मिनिटे खेळवते. मी खुर्चीवरच बसते, पळते ती. नंतर तिचे जेवण. शिकार झाली, पोट भरले, की मांजर अंग चाटते आणि झोपते. हा त्याचा निसर्ग आहे. शब्बाथ येतो तेव्हा मनी स्वेटरवर झोपलेली असते.

तरीही भरवसा ठेवायचा नाही. आता माझ्या मेणबत्त्या उंच काचेच्या नळ्यांत असतात, खाली धातूचे ताट असते, आणि टेबलावर प्लास्टिक घालणे मी बंद केले. प्लाता भिंतीला सरकवून, आजूबाजूला बसायला जागा राहणार नाही अशा रीतीने भांडी मांडते. वायर लोंबती ठेवत नाही. रात्री स्वयंपाकघराचे दार बंद.

जिथे शिकवणे पुरत नाही, तिथे दार बंदच

काही जागांसाठी बक्षीस नाही आणि टेपही नाही. तिथे कडीकुलूपच हवे.

औषधे: आपण रात्रीच्या गोळ्या काढून टेबलावर ठेवतो. गोळी टेबलावरून पडली की मांजर तिच्याशी खेळते. अकामोल, म्हणजेच पॅरासिटामॉल, मांजराला विष आहे. त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकते. मांजर आजारी वाटले म्हणून आपली गोळी मोडून देऊ नका. चाटले असेल अशी शंका जरी आली तरी थांबू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा.

फुले: शब्बाथला पाहुणे फुले आणतात. त्यात लिली असेल तर ती घरातच घेऊ नका. पान, फूल, पराग, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे दोनतीन दिवसांत निकामी करते.

वॉशिंग मशीन आणि ड्रायर: ऊब आहे म्हणून मांजर आत झोपते. सुरू करण्याआधी हात घालून बघा.

शिवणाचा डबा: सुई आणि दोरा डब्यात, डबा कपाटात. गिळलेला दोरा आतड्याला कापत जातो.

खिडक्या: मी तिसऱ्या मजल्यावर राहते. मांजर पडत नाही, हा गैरसमज आहे. पक्ष्यामागे उडी मारताना ते पडते. मिरपेसेतला आणि खिडक्यांना घट्ट जाळी लावा.

बाळाची आणि आजाऱ्याची खोली: तान्ह्या बाळाजवळ मांजर झोपू देऊ नये. यजमानांच्या पायाला मधुमेहाची जखम होती, तेव्हा ड्रेसिंग करताना मनी बाहेर असे. उघड्या जखमेला मांजराची जीभ लागता कामा नये.

माझी नात गरोदर आहे. तिने विचारले, "साफ्ता, आता मनीला हात लावायचा नाही का?" हात लावायला हरकत नाही. धोका विष्ठेतून होतो. टॉक्सोप्लाझ्माचे जंतू विष्ठेत आल्यावर एक ते पाच दिवसांनी लागण करू लागतात. म्हणून वाळूचा डबा रोज साफ करावा, आणि गरोदर बाईने ते काम दुसऱ्याला द्यावे. देणे शक्य नसेल तर हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मांजराला कच्चे मांस देऊ नये. घरात मांजर आहे, हे आपल्या डॉक्टरांना सांगावे.

आपण पडू नये म्हणून

आता आपल्याविषयी. रात्री लघवीला उठताना मांजर पायात येते. पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा छोटा दिवा लावा. आधी बसा, पाय जमिनीवर ठेवा, मिनिटभर थांबा, मग उठा. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, असे आपण म्हणतो. ती मी बांधली! अडकला तर आपोआप सुटणारा पट्टा घेतला, त्याला बारीक घंटा आहे. आता अंधारात ती कुठे आहे, ते मला ऐकू येते. खाण्याची वाटी जाण्यायेण्याच्या वाटेवर ठेवू नका.

पेसाखची रात्र

सेदरला बारा माणसे होती. एलियाहू हन्नाबीसाठी दार उघडायचे असते, तेव्हा मनी बाहेर पळेल म्हणून तिला आधीच माझ्या खोलीत पाणी आणि स्वेटर देऊन ठेवले होते. जेवणे आटोपल्यावर तिला सोडले. टेबलावर उरलेले मासे, कोंबडी, सगळे होते. सगळे तिच्याकडे बघत होते. ती टेबलाभोवती एक फेरी मारून स्टुलावर जाऊन बसली. मी तिला तुकडा दिला.

तुम्हाला खोटे कशाला सांगू? मी बाजारातून आले की कधीकधी ओट्यावर पंजाचे ठसे दिसतात. मी पुसते आणि स्वतःलाच विचारते, आज ओट्यावर काय विसरले होते? बहुतेक वेळा काहीतरी विसरलेले असते.

मुलगा निघताना मांजराविषयी काही बोलला नाही. दुसऱ्या शुक्रवारी आला, तेव्हा हातात स्क्रू आणि लाकडी फळी होती. म्हणाला, "ते स्टूल डगमगते. खिडकीशी फळी ठोकून देतो." पाऊण तास खपून त्याने ती ठोकली. स्वेटर आता फळीवर आहे.

तब्येतीला जपा. शब्बाथ शालोम.